सहा महिन्यांत न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट? नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: कम्युनिटी कॉलेजात सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करा, परीक्षेशिवाय न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट (किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन करणारा तंत्रज्ञ) व्हा. हे खरं नाही. तिथला असोसिएट डिग्रीचा कोर्स साधारण दोन वर्षांचा. प्रमाणपत्रासाठी एनएमटीसीबी किंवा एआरआरटी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एकीची परीक्षा द्यावी लागते, आणि एआरआरटीची अटच किमान असोसिएट डिग्रीची आहे; नियम त्यांच्या वेबसाइटवर आहेत. कॅलिफोर्नियात त्याशिवाय सरकारी परवानाही लागतो.

थिअरी ऑनलाइन असेलही, पण या स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धआयुष्य 6 तास. सकाळी 8ला मोजलेला डोस दुपारी 2ला निम्मा. तो मोजणं, शिशाच्या आवरणातली सिरिंज हाताळणं घरबसल्या कसं शिकणार?

फी भरण्याआधी कॉलेज जेआरसीएनएमटीच्या (या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहे का, बघा. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.