इंग्रजी शब्दाला उकार जोडला की जपानी होते?

जपानी शिकणाऱ्यांमध्ये एक संदेश जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी नामाच्या शेवटी 'उ' किंवा 'ओ' लावा, जपानी शब्द तयार. तसं जमलं नाही तर शब्दकोशातला पहिला शब्द घ्या. आणि मराठी बाजूला ठेवा, विचार इंग्रजीतून करा.

उकाराचं अर्धं खरं आहे. 'ट', 'ड' नंतर सहसा 'ओ' येतो, एरवी बहुधा 'उ': बेडचं बेद्दो, हॉटेलचं होतेरु. पण हा झाला उच्चाराचा नियम. शब्द जपानीत आहे की नाही आणि असला तर कुठल्या अर्थाने, हे त्यातून कळत नाही. या नियमाने ब्रेडचं 'बुरेद्दो' होईल, पण दुकानात मागायचा असतो तो 'पान'. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आपला 'पाव' आला त्याच मुळातून. 'मान्शोन' म्हणजे काँक्रीटच्या बहुमजली इमारतीतला फ्लॅट, मग तो एका खोलीचा का असेना. आलिशान वाडा म्हणायचा असेल तर 'याशिकि'.

काचेचं प्रकरण तर आणखी नाजूक. खिडकीची काच 'गारासु' (डचमधून आलेला शब्द), वाइनचा ग्लास 'गुरासु', पाण्याचा साधा पेला 'कोप्पु' आणि कानाचा कप 'काप्पु'. खिडकी फुटल्यावर 'गुरासु फुटला' असं कळवलंत, तर घरमालक पेल्याचे तुकडे शोधत बसेल. स्वराची लांबीही सांभाळावी लागते. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीऽरु' म्हणजे बिअर. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना जपतो, बोलताना फारसं नाही. इथे 'बी' पूर्ण दोन मात्रा ओढायचा.

आता शब्दकोशातला पहिला शब्द. 'राइस' शोधलं की बहुतेक वेळा 'कोमे' समोर येतो. तो शब्द घेऊन खानावळीत गेलात तर तुम्ही कच्चे तांदूळ मागताय. शेतात उभं पीक 'इने', टरफलासकट दाणा 'मोमि', तांदूळ 'कोमे', शिजलेला भात 'गोहान', आणि तोच भात पाश्चात्त्य पद्धतीच्या पदार्थाबरोबर ताटलीत आला की 'राइसु'. शब्द तपासायचा तर त्याच्याबरोबर कुठलं क्रियापद येतं ते बघा. 'कोमे ओ तोगु', म्हणजे तांदूळ धुणे. 'गोहान ओ ताकु', म्हणजे भात शिजवणे. क्रियापद जुळत नसेल तर शब्द चुकलाय. दुसरी सोपी तपासणी म्हणजे जपानी लिपीतला शब्द टाकून चित्रं शोधणे. पोतं दिसतंय की वाडगा, यावरून लगेच कळतं.

मापातही हीच गफलत होते. तांदूळ 'गो'मध्ये मोजतात: 1 गो म्हणजे 180 मिली, साधारण 150 ग्रॅम. स्वयंपाकाचा जपानी 'काप्पु' मात्र 200 मिलीचा. 2 गोऐवजी 2 काप्पु तांदूळ घेऊन जपानी राइस कुकरमध्ये 2 गोच्या रेघेपर्यंत पाणी भरलं, तर तांदूळ 40 मिली जास्त, पाणी कमी, आणि भात टचटचीत.

मराठी बाजूला ठेवा हा सल्ला सर्वांत तोट्याचा. इंग्रजीच्या एका 'राइस'मागे आपल्याकडे तांदूळ आणि भात आधीपासून वेगळे आहेत, काच आणि पेलाही. इंग्रजीत क्लॉक आणि वॉच वेगळे. आपलं घड्याळ आणि जपानी 'तोकेइ' दोन्हींना चालतात. लेग आणि फूट या दोन्हींना चालणाऱ्या पाय आणि 'आशि' यांचंही तेच. मोठ्या बहिणीला हाक मारताना 'ओनेऽसान' म्हणतात, आपल्या 'ताई'सारखं, धाकटीला नावाने. फक्त परक्या माणसाशी बोलताना स्वतःच्या ताईला 'आने' म्हणायचं, हे वेगळं शिकावं लागतं.

मराठी फसते ती पाण्यात. 'मिझु' म्हणजे गार किंवा साधं पाणी. गरम पाणी 'ओयु'. 'आत्सुइ मिझु' असं शब्दशः जोडलं तर कानाला खटकतं. नूडल्सच्या कपात ओतायला नुसतं 'मिझु' मागितलंत तर गार पाणीच मिळेल. किटलीत नळाचं मिझु भरलं तरी तापवायला ठेवताना म्हणतात 'ओयु ओ वाकासु', म्हणजे शब्दशः 'गरम पाणी उकळणे'. विचित्र वाटतं खरं, पण कुकरमध्ये तांदूळ घालून आपणही 'भात लावला' असंच म्हणतो.