आधी गादी, मग शॉकअप

कमी उंचीच्या लोकांनी जुनी बाइक घेतली की मागचे शॉकअप (धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे) लगेच खाली करून घ्यावेत, हा लेखातला सल्ला काही पटला नाही. मागून गाडी बसली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळच उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी! चेनचा ताणही पुन्हा बघावा लागतो. त्यात आपल्या नाशिकचे गतिरोधक, खाली केलेल्या गाडीचं पोट घासणारच. माझी उंची पाच फूट एक. गादीचा फोम पुढून, मांड्यांपाशी निमुळता करून घेतला, तेवढ्यावर भागलं. अ‍ॅव्हेंजरच्या सीटची उंची ७३७ मिमी, स्प्लेंडरची ७८५, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, गादी रुंद असली की पाय फाकतात. घेताना ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं बघा, घासलेली असतील तर गाडी बहुतेक पडलेली. आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) बँकेच्या कर्जाचा बोजा उतरलाय का, तेही पैसे देण्याआधी.