उरले ते ठेव

लॉ कॉलेजातलं प्लेसमेंट आटोपलं, यादीत माझं नाव नव्हतं. असो. मोठ्या फर्म वरच्या नंबरची मुलं उचलून नेतात आणि उरलेल्यांनी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर हाताखाली घेणारा सिनियर वकील शोधत फिरायचं, अशी रीतच आहे. परवा मीही कोपरखैरण्याहून लोकल पकडून गेले. सिनियर 'आर्ग्युमेंटला' होते. त्यांच्या ऑफिसात दोन खुर्च्या. एकीवर फायली, दुसरीवर एक काका.

काकांनी फायली स्वतःच्या मांडीवर घेतल्या, मला बसवलं आणि सरळ इंटरव्ह्यूच सुरू केला.

"वकील का, बाळा?"

"निकाल लागलाय. सनद व्हायचीय."

"म्हणजे नाही अजून. कॅम्पसमधून नाही लागलं वाटतं? आमच्या भाच्याला लागलं. तो इंजिनियर आहे म्हणा. बरं, चारशेवीस काय ते सांग."

हे मला येत होतं. "ते आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय. 1 जुलै 2024 पासून."

काकांनी मला चष्म्यावरून पाहिलं. "चारशेवीस कसं बदलेल? चारशेवीस म्हणजे चारशेवीस." माझा बेसिकमध्येच घोळ आहे, हे त्यांचं मत तिथेच कायम झालं. तरी मोठ्या मनाने त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. वरच्यांचं बाथरूम गळतं ते नेमकं काकांच्या देवघरावर. "सोसायटी दाद देत नाही. आता मला सांग, देवालाच पार्टी करता येईल का? देव कोर्टात जातो, मी पेपरात वाचलंय."

"जातो. पण तो प्राणप्रतिष्ठा करून सगळ्या लोकांच्या पूजेसाठी बसवलेला असला तर. कायदा त्या मूर्तीला व्यक्ती मानतो. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला ते लागू नाही."

"म्हणजे आमचा देव बेकायदेशीर?"

"तसं नाही, काका..."

"तीस वर्षं रोज आंघोळ घालतो मी त्याला!"

तेवढ्यात सिनियर आले. काकांनी लगेच तक्रार नोंदवली, "मुलगी बरी आहे, पण देवाला मानत नाही." सिनियरांनी माझा बायोडेटा चहाच्या ग्लासाखाली ठेवला. पैशांचं मीच विचारलं. शहरातल्या ज्युनियरला महिना निदान 20,000 द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचं 2024 चं परिपत्रक आहे, हेही सांगितलं. ते हसले. "शिफारस आहे ती. आधी सहा महिने शिका, मग बघू."

बघू काय? न्यायाधीशाची परीक्षा द्यायची तर आधी तीन वर्षं प्रॅक्टिस हवी, असं 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. त्या तीन वर्षांत लोकलचा पास कोण काढणार, जेवण कोण घालणार? ज्यांच्या घरचं ऑफिस आहे त्यांनाच हा पेशा परवडतो, हे एकदा परिपत्रक काढून सांगा की. स्वतःची जाहिरात करायलाही वकिलाला बंदी, नाहीतर मीही तलावपाळीवर बोर्ड धरून उभी राहिले असते.

"आणि हो, यांच्या कागदांच्या झेरॉक्स तेवढ्या आणून द्या," सिनियर म्हणाले. काकांनी खिशातून पन्नासची नोट काढून माझ्या हातात कोंबली. "उरले ते ठेव, बाळा."

चौतीस पानं होती. कोर्टासमोरचा झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो. पदरचे अठरा घालून मी गठ्ठा आणून दिला. काकांनी पानं मोजली आणि पावती मागितली.