आईची सही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

छोटी छोटी कामं करत गेलं की आत्मविश्वास येतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ‘लहानपणापासून घरात मठ्ठ म्हणून हिणवलेल्या माणसाला छोटी छोटी कामं करा, आत्मविश्वास येईल, असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यापेक्षा आरशासमोर चार चांगली वाक्यं म्हटलेली बरी,’ असं तुम्ही लिहिलंत.

आरशाचं मला अजूनही पटत नाही. 2009 साली कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी आहे’ अशा अर्थाचं वाक्य लोकांना घोकायला लावलं. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल आधीच कमीपणा होता, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. आणि ‘मला हे जमेल’ या भावनेला सगळ्यात भक्कम आधार स्वतः करून पाहिल्याचा असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्येच मांडलं होतं.

हे मी घरात पाहिलंय. बाबा गेले तोवर आई बँकेत एकटी कधी गेली नव्हती. ‘तुला नाही समजायचं त्यातलं,’ हे तीस वर्षं ऐकलेलं. पहिल्यांदा पैसे काढायला गेली, तर सही जुळत नाही म्हणून स्लिप परत. दुसऱ्यांदाही तेच. मग दुपारची कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे सही गिरवत बसायची. आडनावातल्या ‘ळ’ची गाठ दर वेळी वेगळीच यायची. तिसऱ्या खेपेला पैसे मिळाले. आता शेजारच्या काकू तिच्याकडून स्लिप भरून घेतात.

पण हीच आई आजही पाहुण्यांसमोर म्हणते, ‘मला कुठं काय येतं!’ तुमचं वाचताना ते आठवलं आणि चुकलो कुठे ते कळलं. बँकेची भीती गेली, पण स्वतःला कमी लेखणं गेलं नाही. मी दोन्ही एकच धरून लिहिलं होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं असं की कामाचं मोजमाप करा, माणसाचं करू नका. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत आणला. म्हणजे ‘मठ्ठ’ हा शेरा पुसायला तुम्ही आधी काही करून दाखवलं पाहिजे, ही अटच मुळात चुकीची. माझ्या लेखातून नेमकी तीच अट तुमच्यापर्यंत पोचली. माफ करा.

सकाळी उठवत नाही, जेवण जात नाही, असंही शेवटी लिहिलंत. त्यावर माझा लेख हा उपाय नव्हे. 14416 हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आज फोन कराल?