एआयला सामन्याचा निकाल आधी कळत नाही, आणि उनपदेव कुठलं तेही कळत नाही

‘आता कुणालाच विचारायची गरज नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. प्रवासापासून क्रिकेटपर्यंत सगळं एआय कसं बिनचूक करतं, याचे त्यात पाच मुद्दे आहेत. थोडक्यात सांगतो. एक, सहलीचा आराखडा एआयकडून घ्या, गाडीवाल्याला किंवा तिथल्या माणसाला विचारत बसू नका. दोन, एआयने सांगितलेली सवलत कंपनीला द्यावीच लागते, परदेशात कोर्टाने तसा निकाल दिलाय. तीन, डीआरएस (क्रिकेटमध्ये पंचाचा निर्णय पुन्हा तपासून घ्यायची सोय) म्हणजे एआय, आणि ते चुकत नाही. चार, सामना चालू असताना जिंकण्याची जी टक्केवारी स्क्रीनवर दिसते, ती एआयला निकाल आधीच कळलेला असतो म्हणून. ८० च्या वर गेली की डोळे झाकून पैसे लावा. पाच, समालोचक आणि कॅमेरावाले यांचं काम संपलं, लवकरच आपल्या अहिराणी बोलीतही एआयच बोलणार.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण आमच्या आक्काने पहिल्या मुद्द्यावर विसंबून बचत गटाच्या बायकांची सहल ठरवली, आणि माझ्या भाच्याने चौथ्या मुद्द्यावर विसंबून खोलीभाड्याचे आणि मेसचे पैसे घालवले. तेव्हा आधी चौथाच मुद्दा घेतो. बाकीच्यांनी फार तर एखादा दिवस वाया जाईल, याने घरं बसतात.

ही टक्केवारी येते कुठून? न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात स्कॉट ब्रुकर आणि शेमस होगन यांनी ‘वास्प’ नावाचं गणित तयार केलं. २०१२ मध्ये तिथल्या स्काय वाहिनीने ते सामन्यात दाखवायला सुरुवात केली. किती चेंडू उरलेत, किती गडी हातात आहेत, किती धावा हव्यात हे घ्यायचं आणि जुन्या सामन्यांच्या नोंदींवरून इथून जिंकण्याची शक्यता काढायची, असा तो हिशोब. तो करणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की यात वरच्या दर्जाचा एक सरासरी संघ तशाच दुसऱ्या सरासरी संघाशी खेळतोय असं धरलेलं आहे. म्हणजे क्रीजवर कोण उभा आहे, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची दोन षटकं राखून ठेवलीत, यातलं त्या आकड्यात काहीही नाही. नंतरच्या काही गणितांत खेळाडूंची आकडेवारीही धरली जाते, पण पाया तोच राहतो: होऊन गेलेल्या सामन्यांवरून बांधलेला अंदाज. पुढचा चेंडू कुणीच पाहिलेला नसतो, त्या गणितानेही नाही.

२९ जून २०२४, बार्बाडोस. टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, सहा गडी हातात होते. कुठलंही गणित त्या क्षणी आफ्रिकेच्याच बाजूने झुकणार, आणि ते बरोबरच होतं. भारत सात धावांनी जिंकला. त्याआधी आयपीएलमध्ये ९ एप्रिल २०२३ ला अहमदाबादेत कोलकात्याला शेवटच्या षटकात २९ हवे होते, आणि रिंकू सिंगने शेवटच्या पाच चेंडूंवर पाच षटकार मारले. अशा वेळी गणित चुकलं असंही म्हणता येत नाही. ८० टक्के याचा अर्थच असा, की अशा पाच सामन्यांपैकी एक दुसरीकडे जाणार. कोणता जाणार, ते तो आकडा सांगत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेच झाकलंय. जो आकडा तुम्हाला दिसतो तो बुकीलाही, म्हणजे सट्टा घेणाऱ्यालाही, दिसतो. ८० टक्के शक्यता असलेल्या संघावर १०० रुपये लावले, तर अगदी प्रामाणिक भाव धरला तरी वर २५ रुपयेच सुटतात. चार वेळा जिंकलात, १०० मिळाले. पाचव्यांदा हरलात, १०० गेले. हाती शून्य. आणि बुकी प्रामाणिक भाव कधीच देत नाही, आपला हिस्सा काढूनच भाव लावतो. म्हणजे टक्केवारी शंभर टक्के खरी मानली तरीही या धंद्यात तुम्ही हळूहळू नागवलेच जाता. त्यात मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त मागे असतं. तुमच्या स्क्रीनवर ८० दिसतात तेव्हा मैदानात विकेट पडून गेलेली असू शकते.

भाचा सुरुवातीला जिंकत होता, आणि तेच वाईट झालं. आपल्याला युक्ती सापडली असं त्याला वाटलं. मग रक्कम वाढवली आणि जे व्हायचं ते झालं. बापाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मला फोन. एकोणीस वर्षांचं पोर रडतंय आणि वर मलाच विचारतंय, ‘मामा, पण एआय कसं चुकलं?’ हा मेसेज तयार करणाऱ्याने त्या पोराला उत्तर द्यावं. सामन्यावर सट्टा लावणं महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, तो कायदा १८८७ चा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा कायदा करून बंदी आणली. मेसेजमध्ये याचा एका शब्दाने उल्लेख नाही.

आता आक्काची सहल. एआयने दिलेला कागद तिने मला कौतुकाने दाखवला. सकाळी आठला जळगावहून निघा, साडेनऊला उनपदेव, गरम पाण्याच्या झऱ्यात स्नान, अकरापर्यंत तोरणमाळ, यशवंत तलाव, सीताखाई, जेवण, चारला परतीला लागा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, अजिंठा. वाचायला इतकं नीटनेटकं की शंकाच येऊ नये.

खान्देशात उनपदेव दोन आहेत. एक चोपडा तालुक्यात अडावदजवळ, दुसरं नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे. दोन्हीकडे गरम पाणी, दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याशी. जळगावहून दीड तासात पोचता येतं ते अडावदचं. तोरणमाळच्या वाटेवर पडतं ते शहाद्याचं. एआयने पहिल्याचं अंतर घेतलं, दुसऱ्याचा शेजार घेतला आणि दोन्ही मिळून एक ठिकाण तयार केलं. प्रत्यक्षात अडावदहून शहाद्याला जायचं तर चोपडा, शिरपूर करत बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने शंभरावर किलोमीटर जावं लागतं, आणि त्यानंतर तोरणमाळचा घाट. गाडीत साठी उलटलेल्या बायका. अकरा सोडा, दुपारच्या जेवणालाही त्या तिथे पोचल्या नसत्या, आणि परतताना घाटात अंधार झाला असता. सोमवारी तर अजिंठा लेणी बंदच असतात. फर्दापूरपर्यंत जाऊन त्यांना गेटवरून माघारी यावं लागलं असतं.

मी हे सांगितलं तर आक्का म्हणते, ‘एआयनी सांगं ना, मंग खोटं कसं राही?’ तिला दोष देत नाही. मेसेजने तिला आधीच बजावलं होतं की कुणाला विचारू नका. शहाद्याच्या कुठल्याही जीपवाल्याला ‘कोणतं उनपदेव?’ हा प्रश्न पहिल्या फटक्यात पडला असता.

असं का होतं, तेही सांगतो. हे चॅटबॉट माहितीचं कपाट उघडून त्यातला कागद काढून देत नाहीत. आधी वाचलेल्या मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता शोभेल ते ठरवत वाक्य जुळवतात. मुंबई, पुणे, पॅरिस यांच्यावर डोंगराएवढं लिहिलेलं आहे, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा जमतं. अडावद, शहादा, धडगाव यांच्यावर इंटरनेटवर लिहिलेलं आहेच किती? जिथे माहिती तोकडी, तिथेही वाक्य मात्र तितक्याच ठामपणे येतं. धोका त्या ठामपणाचा आहे. शिवाय जुनं आणि नवं याचा भेद त्याला आपोआप होत नाही. पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती पुन्हा धावली नाही, पण तिच्यावर लिहिलेलं जुनं कौतुक नेटवर तसंच आहे. कुणी ते वाचून पाचोऱ्याला उतरला, तर त्याला जामनेरची एसटीच शोधावी लागेल. आणि पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरड आलीय की नाही, हे त्या सकाळी तिथून गेलेला माणूसच सांगू शकतो.

एवढं मान्य करतो, की काही कामं एआय बरी करतं. वेटिंगचं तिकीट कन्फर्म व्हायची शक्यता काही ॲप दाखवतात, ती जुन्या नोंदींवरून काढलेली असते आणि ढोबळ अंदाजाला चालते. परराज्यात पाटी वाचायला, भाषांतराला उपयोग होतो. अजिंठा, दौलताबाद, वेरूळ यांचा क्रम लावून दे म्हटलं तर ठीक लावतं. फक्त अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे आपण पाहून घ्यायचं.

दुसऱ्या मुद्द्यातल्या कोर्टाची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितलीय. एअर कॅनडाच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं, की घरच्यांच्या निधनामुळे मिळणारी भाड्यातली सवलत तिकीट काढल्यावरही मागता येते. नियम तसा नव्हता. त्या माणसाने पूर्ण भाडं भरलं, प्रवास केला, मग कंपनीने हात वर केले. चॅटबॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, इथवर कंपनीचा युक्तिवाद गेला. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर मिळाले. प्रवास २०२२ चा, निकाल २०२४ चा. तोही कंपनीच्या स्वतःच्या चॅटबॉटबद्दलचा आणि कॅनडातला. तुम्ही मोबाइलवरच्या भलत्याच एआयला विचाराल आणि इथल्या ट्रॅव्हल्सवाल्याला सवलत माग म्हणाल, तर तो कशाला देईल? शिवाय या निकालातून एआय बरोबर असतं हे कुठे सिद्ध होतं? ते चुकलं म्हणूनच तर खटला झाला.

डीआरएसबद्दल फार लिहीत नाही. त्यात वापरलं जाणारं हॉक-आय हे कॅमेऱ्यांनी चेंडूची जागा मोजून पुढचा मार्ग काढणारं तंत्र आहे. २००१ मध्ये ते टीव्हीवर आलं, २००८ च्या भारत-श्रीलंका मालिकेत रिव्ह्यूची पहिली चाचणी झाली. त्याने पंचांच्या चुका कमी झाल्या, हे खरं. पण चेंडू यष्टींना निम्म्याहून कमी लागत असेल तर ‘अंपायर्स कॉल’ म्हणून पंचाचाच निर्णय कायम राहतो, कारण मार्गाच्या अंदाजात थोडी चूक असू शकते हे आयसीसीलाही मान्य आहे. हॉक-आयचीच गोल ठरवणारी यंत्रणा जून २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेडच्या फुटबॉल सामन्यात फसली. सात कॅमेऱ्यांसमोर खेळाडू आले, चेंडू रेषेपलीकडे गेलेला असून गोल दिला गेला नाही, आणि कंपनीने माफी मागितली. कंपनी जे कबूल करते ते मेसेजवाला करत नाही.

राहिला पाचवा मुद्दा, समालोचक आणि कॅमेरावाल्यांचं काम संपलं हा. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडच्या इनव्हरनेस फुटबॉल क्लबने कॅमेरावाल्यांऐवजी आपोआप चेंडू टिपणारा कॅमेरा लावला, तर तो लाइन्समनच्या टकलालाच चेंडू समजून वारंवार तिकडे वळत राहिला आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांचा खेळ बुडाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या एनबीसीने समालोचक अल मायकल्स यांचा आवाज एआयने तयार करून रोजचा आढावा ऐकवला. पण त्यासाठी मायकल्स यांची परवानगी घेतली होती आणि मजकूर माणसं तपासत होती. आयपीएल २०२३ मध्ये मोबाइलवर बारा भाषांत समालोचन झालं, मराठी आणि भोजपुरीसह, तेही माणसांनी केलं. आपल्याकडे गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत माइक धरून अहिराणीत सामना रंगवणारी पोरं आहेत. एआयला अहिराणी शिकवायची तर त्यांच्याच आवाजाचं तासन् तास रेकॉर्डिंग लागेल. त्यांना विचारा, त्याचे पैसे ठरवा, लेखी करार करा. मग त्यांच्या कामाचं काय होणार ते बोलू.