तर्रीपोह्यांच्या प्लेटवरचे परराष्ट्र धोरण

सकाळी साडेसातच्या सुमारास नागपुरात बर्डीजवळच्या ठेल्यावर तर्रीपोह्यांची प्लेट हातात आली, की परराष्ट्र धोरणास प्रारंभ करण्यास हरकत नाही. झिरो माईलचा दगड जवळच आहे आणि देशाचा मध्यबिंदू तोच, असे आपल्याला शाळेपासून सांगितले गेले आहे. त्यामुळे लाहोर आणि बीजिंग येथून किती दूर आहेत, हे नकाशा न पाहता सांगण्याचा अधिकार आपल्याला जन्मतःच प्राप्त झालेला आहे. "एकदा आरपार होऊनच जाऊ द्या" हे वाक्य पहिल्या घासापूर्वीच उच्चारून टाकावे. तर्री झोंबल्यानंतर त्यात हवा तसा जोर राहत नाही.

आपल्या लष्करी ज्ञानाविषयी कोणी शंका घेतलीच, तर वायुसेना नगर आणि अंबाझरीची आयुध निर्माणी ही दोन नावे तेवढी फेकावीत. वायुसेना नगरात हवाई दलाच्या ज्या कमांडचे मुख्यालय आहे, तिचे काम विमानांची देखभाल आणि दुरुस्ती पाहणे हे आहे, हा तपशील मात्र झाकून ठेवावा, कारण सुट्या भागांचा विषय निघाला की आरपारच्या लढाईची सगळी मजा जाते.

शांततेविषयी बोलताना तर विशेष सावध राहावे. 10 मे 2025 रोजी दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारताच्या महासंचालकांना फोन केला आणि सायंकाळी 5 पासून गोळीबार थांबवण्याचे ठरले, ही घटना आपल्या दृष्टीने फारच बेचव आहे. त्याहून बेचव गोष्ट म्हणजे 1988 च्या करारानुसार दोन्ही देश 1992 पासून दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. का, तर त्यांवर हल्ला करायचा नाही म्हणून! नव्या वर्षाच्या सकाळी असल्या कारकुनी कामाकडे कोणत्या देशभक्ताने पाहावे?

खरा धोका संत्र्यापासून आहे. वरुड-मोर्शीकडची संत्री वर्षानुवर्षे बांगलादेशात जात. तेथील सरकारने 2019 ते 2023 या चार वर्षांत त्यांवरील आयात शुल्क चौपटीहून अधिक वाढवले आणि तिकडे जाणारा माल कळमना बाजारात ढिगांनी येऊन पडू लागला. त्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या, व्यापाऱ्याच्या बोटांकडे टक लावून पाहणाऱ्या शेतकऱ्याशी चुकूनही बोलू नये. तो आपल्याला सांगेल, की आपणही 2019, 2020 आणि 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑक्टोबर 2019 मध्ये दिल्लीत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी हसत हसत तक्रार केली होती, की कांदा न घालता स्वयंपाक करायला आपण आचाऱ्याला सांगितले आहे. आपणही त्यावर हसलो होतो. कांद्याचा सूड संत्र्यावर निघाला, असे शेतकरी म्हणतो. तसे सिद्ध करता येणार नाही हे खरे, परंतु शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराशी आपल्या बागेचा काही संबंध असू शकतो, हा विचारच मुळात आरपारच्या भूमिकेस मारक आहे.

कापसाचेही तसेच. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावले, तेव्हा "झुकणार नाही" असे आपण ठेल्यावर ठणकावून सांगितले असेलच. त्याच महिन्यात कापसावरचे आपले 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाले. सूतगिरण्यांना त्याची गरज होती, हे मान्य करावे लागेल. मात्र ही मुदत नेमकी त्या महिन्यांची होती, ज्यांत विदर्भातला शेतकरी सीतादहीची पूजा करून कापूस वेचणीला लागतो. त्याने विचारलेच, की नेमके कोण झुकले, तर आपण आणखी थोडी तर्री मागवावी.

एवढ्यात प्लेटकडे लक्ष जाईल आणि पोह्यांवर कांदा नेहमीपेक्षा कमी दिसेल. भाव चढला आहे, असे ठेलेवाला सांगेल. परराष्ट्र धोरणातले ठोस पाऊल उचलण्याची हीच वेळ आहे: निर्यात ताबडतोब बंद करा, अशी मागणी मोठ्याने करावी, आणि घरी जाताना चौकातल्या हातगाडीवर घासाघीस करून दोन किलो संत्री घ्यावीत. यंदा फारच स्वस्त आहेत.