माउथवॉशच्या फ्लोराइडबद्दल खुलासा

‘फ्लोराइडच्या माउथवॉशने चूळ भरली की सगळं फ्लोराइड हिरड्यांतून रक्तात उतरतं आणि हाडं ठिसूळ होतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

हिशेब बघा. रोजच्या वापराच्या ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात १० मिलीला साधारण २.३ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. त्यातलं बहुतेक थुंकीबरोबर बाहेर जातं. थोडं लाळेत, दातांवरच्या थरात, जिभेवर राहतं. काही इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावर, कॅल्शियम फ्लोराइडच्या बारीक कणांच्या रूपात बसतं. तोंडात आम्ल वाढलं की हे कण विरघळून फ्लोराइड सोडतात आणि दाताची झीज रोखतात. खरं काम या उरलेल्या अंशाचंच. म्हणून नंतर अर्धा तास खाऊ-पिऊ नये. लगेच पाण्याने चूळ भरली तर तोही धुऊन जातो.

हाडांचा फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे हाडांना होणारा आजार, खोटा नाही, पण तो वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पिऊन होतो. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांना हे वेगळं सांगायला नको. सहा वर्षांखालच्या मुलांना मात्र दंतवैद्याने सांगितल्याशिवाय हा माउथवॉश देऊ नका, ती गिळतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.